क्यूएमूला उघडी फाइल देऊन मशीनची स्टेट सेव्ह करताना कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा: क्यूएमू (आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) कमी अधिकारांच्या वेगळ्या युजरखाली चालतो, सँडबॉक्सही (त्याला घातलेलं कुंपण) चालू आहे. सेव्ह फाइल, म्हणजे मशीनची रॅम आणि उपकरणांची त्या क्षणीची स्थिती, ज्या डिरेक्टरीत ठेवायची तिथे त्याला प्रवेश नाही. म्हणून मॅनेजर प्रोसेस स्वतः फाइल उघडतो, सुरुवातीला आपलं छोटं हेडर लिहितो आणि डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलकडे बोट दाखवणारा आकडा) क्यूएमूकडे सोपवतो. तक्रारी तीन. ‘एससीएम-राइट्समधून डिस्क्रिप्टर मिळाला नाही’ अशी एरर अधूनमधून येते (एससीएम-राइट्स म्हणजे युनिक्स सॉकेटवरून डिस्क्रिप्टर पाठवायची सोय). फाइल मॅनेजरने उघडलेली असूनही ‘एफडीसेट’च्या (क्यूएमूला दिलेल्या डिस्क्रिप्टरच्या संचाच्या) वाटेने ‘परमिशन डिनाइड’ येतो. आणि सेव्ह यशस्वी दिसूनही फाइल पुढे लोड होत नाही. (आज्ञा आणि फ्लॅगची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.)

तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गैरसमज असतो. आपण क्यूएमूला ७ किंवा १२ असा आकडा देतोय असं वाटतं, पण जाते ती कर्नलमधली उघडी फाइल. प्रोसेसच्या टेबलातला आकडा त्या उघड्या फाइलकडे बोट दाखवतो. वाचन-लेखनाची सध्याची जागा, म्हणजे पोझिशन, आणि ‘ओ-नॉनब्लॉक’, ‘ओ-अपेंड’, ‘ओ-डायरेक्ट’ हे फ्लॅग त्या उघड्या फाइलवर असतात, आकड्यावर नाही. युनिक्स सॉकेटवरून डिस्क्रिप्टर पाठवला की समोरच्याला नवा आकडा मिळतो, पण उघडी फाइल तीच राहते. ‘डुप’ (डिस्क्रिप्टरची प्रत) केल्यावर होतं तेच, फक्त दोन प्रोसेसमध्ये. त्यामुळे क्यूएमूने १ जीबी लिहिलं की तुमच्या डिस्क्रिप्टरची पोझिशनही १ जीबीने पुढे सरकते, आणि त्याने ‘नॉनब्लॉक’ लावलं की तुमचाही डिस्क्रिप्टर नॉनब्लॉकिंग होतो. दोघांचं वेगवेगळं राहतं ते फक्त ‘क्लोज-ऑन-एक्झेक’.

आधी पाठवण्याची क्रिया. क्यूएमपी मॉनिटर (क्यूएमूला जेसनमधून आज्ञा देण्याची जोडणी) युनिक्स सॉकेटवरच हवा, टीसीपीवरून डिस्क्रिप्टर जातच नाही. सॉकॅट किंवा नेटकॅट वापरून आज्ञा पाठवत असाल तर त्यांच्यातूनही जात नाही, कारण सोबतचा जास्तीचा डेटा पाठवायची सोय त्यांच्यात नाही. पायथन ३.९ पासून ‘सॉकेट’ मॉड्यूलमध्ये ‘सेंड-एफडीज’ आहे, सीमध्ये ‘सेंडमेसेज’. जोडणी झाली की आधी ‘क्यूएमपी-केपेबिलिटीज’ पाठवा आणि उत्तर येऊ द्या. मग ‘गेटएफडी’ (आलेला डिस्क्रिप्टर एका नावाने ठेवून घे) या आज्ञेचं जेसन आणि डिस्क्रिप्टर एकाच ‘सेंडमेसेज’मध्ये पाठवा. डिस्क्रिप्टर एकटा पाठवता येत नाही, सोबत किमान १ बाइट खरा डेटा लागतो. काही जण म्हणून आधी एक स्पेस आणि डिस्क्रिप्टर पाठवतात, आज्ञा नंतर. तेही चालतं, पण उगाच नाजूक होतं.

अधूनमधून येणारी एरर बहुधा घाईतून येते. क्यूएमूकडे आलेला डिस्क्रिप्टर कोणीतरी ‘गेटएफडी’ म्हणेपर्यंत सॉकेटच्या पातळीवर पडून असतो. तेवढ्यात दुसऱ्या संदेशासोबत नवा डिस्क्रिप्टर आला तर आधीचा, कोणी न उचललेला, बंद करून टाकला जातो. उत्तराची वाट न पाहता दोन ‘गेटएफडी’ लागोपाठ सोडले की एक जण उपाशी राहू शकतो. मशीन निवांत असेल तर सगळं सुरळीत, भार वाढला की बोंब. असं दिसलं तर आधी इथेच पाहा. एक आज्ञा, एक डिस्क्रिप्टर, एक उत्तर, मगच पुढची.

‘गेटएफडी’ला दिलेलं नाव आकड्याने सुरू होता कामा नये. याचं कारण पुढे ‘माइग्रेट’ला (स्टेट बाहेर लिहिणारी आज्ञा, सेव्ह हिनेच होते) ‘एफडी:’ नंतर जे लिहाल ते आकड्याने सुरू झालं तर क्यूएमू त्याला वारसाने मिळालेला खरा डिस्क्रिप्टर क्रमांक समजतो. तेच नाव पुन्हा वापरलं तर जुना डिस्क्रिप्टर गुपचूप बंद होतो. शिवाय ही नावं त्या त्या मॉनिटरपुरतीच असतात: एका मॉनिटरवर ‘गेटएफडी’ करून दुसऱ्यावरून ‘माइग्रेट’ केलंत तर असं नाव सापडलं नाही असं उत्तर मिळतं. आणि ‘माइग्रेट’ने नाव एकदा वापरलं की ते यादीतून जातं. सेव्ह फसली आणि पुन्हा करायची असेल तर डिस्क्रिप्टर नव्याने पाठवायचा.

एसईलिनक्स (लेबलांवर चालणारी लिनक्सची जादा सुरक्षा) असेल तर आणखी एक मेख. डिस्क्रिप्टर स्वीकारतानाही कर्नल त्याची तपासणी करतो. लेबल जुळलं नाही तर डिस्क्रिप्टर क्यूएमूच्या टेबलात येतच नाही, फक्त सोबतचा डेटा पोहोचतो, आणि तुम्हाला तीच ‘मिळाला नाही’ एरर दिसते. ऑडिट लॉगमध्ये नकाराची नोंद असते, कोड तासन्‌तास तपासण्याआधी ती बघा. उघडी फाइल हातात दिली की सगळ्या परवानग्या ओलांडल्या, हे साध्या युजर-ग्रुप परवानग्यांपुरतंच खरं आहे.

आता लोड न होणाऱ्या फाइलकडे. हेडर लिहिल्यावर क्यूएमूने त्याच्या पुढून लिहावं अशी अपेक्षा असते. ‘एफडी:’ वापरताना क्यूएमू कुठेही सीक करत नाही (पोझिशन स्वतः हलवत नाही), पोझिशन जिथे असेल तिथून लिहायला लागतो. एवढ्यावर सगळं बरोबर चालायला हवं, पण पायथनचं साधं ‘ओपन’ किंवा सीचं ‘एफओपन’ बफर ठेवतं. हेडर ‘राइट’ केलं, ‘फ्लश’ केलं नाही आणि ‘फाइलनो’ (त्या फाइलचा डिस्क्रिप्टर) पाठवला, तर हेडर अजून तुमच्या प्रोसेसच्या मेमरीत असतं आणि फाइलची पोझिशन शून्यच. क्यूएमू शून्यापासून सगळी स्टेट लिहितो. नंतर तुम्ही ‘क्लोज’ म्हणता, बफर रिकामा होतो, आणि पोझिशन सामायिक असल्यामुळे हेडर जाऊन बसतं फाइलच्या शेपटीला. आकार अगदी अपेक्षेइतका, एरर कुठेही नाही.

ओळखायचं कसं? ‘हेक्सडंप’ने पहिले आठ बाइट पाहा. क्यूएमूच्या प्रवाहाची सुरुवात ठरलेली आहे: ५१ ४५ ५६ ४डी, म्हणजे ‘क्यूईव्हीएम’ ही चार अक्षरं, आणि मग आवृत्ती ०० ०० ०० ०३. तुमचं हेडर ४०९६ बाइटचं असेल तर हे आठ बाइट बरोबर ४०९६ व्या ऑफसेटला दिसायला हवेत. फाइलच्या आरंभीच दिसले तर हेडर एकतर शेवटी गेलं आहे किंवा पुसलं गेलं आहे. पुसलं जातं ते तुम्ही हेडर एका डिस्क्रिप्टरने लिहून पाठवण्यासाठी फाइल पुन्हा उघडली असेल तेव्हा: नवी उघडी फाइल, नवी पोझिशन, शून्य. चुकीच्या ऑफसेटवरून लोड करायला गेलात की क्यूएमू ‘नॉट अ मायग्रेशन स्ट्रीम’ म्हणून थांबतो. त्या एररचा अर्थ फाइल खराब आहे असाच नसतो. बऱ्याचदा फाइल ठीक असते, तुम्ही चुकीच्या जागी उभे असता. हेडर शेपटीला गेलेली फाइल तर वाचवता येते, डेटा शून्यापासून सलग आहे.

चालू सेव्हमध्ये हे पाहायचं तर प्रॉक फाइलसिस्टिममध्ये क्यूएमूच्या पीआयडीखाली ‘एफडीइन्फो’ डिरेक्टरी आहे. तिथल्या त्या डिस्क्रिप्टरच्या नोंदीत ‘पॉस’ आणि ‘फ्लॅग्ज’ या दोन ओळी मिळतात. ‘फ्लॅग्ज’ अष्टमान पद्धतीत असतात. समजा एक्स-८६ वर ०२१०४००१ दिसलं: शेवटचा १ म्हणजे फक्त लेखन, ४००० म्हणजे नॉनब्लॉक, १००००० म्हणजे मोठ्या फाइलची सोय, आणि पुढचे २०००००० म्हणजे क्लोज-ऑन-एक्झेक. तीच नोंद तुमच्या प्रोसेसच्या बाजूने पाहा. उघडी फाइल एकच असेल तर ‘पॉस’ दोन्हीकडे सोबतच पुढे सरकताना दिसतो. सरकत नसेल तर तुम्ही फाइल दोनदा उघडली आहे.

याच ओळीत २००० दिसलं तर ते ‘ओ-अपेंड’. शेलमध्ये दोन बाणांनी वळवलेली फाइल अशी उघडते. साध्या सलग लेखनाला तो चालून जातो, पण ठरावीक ऑफसेटवर लिहायची वेळ आली की घात करतो: लिनक्सवर ‘ओ-अपेंड’ असलेल्या फाइलवर ‘पीराइट’ने कितीही ऑफसेट द्या, डेटा शेवटीच जोडला जातो. खाली येणाऱ्या ‘मॅप्ड-रॅम’ची त्यात पूर्ण वाट लागते.

आता ‘परमिशन डिनाइड’. ‘अ‍ॅड-एफडी’ने डिस्क्रिप्टर एका संचात टाकायचा आणि ‘/डेव्ह/एफडीसेट/१’ असा पाथ द्यायचा, ही दुसरी वाट. हा पाथ डिस्कवर कुठेच नसतो, क्यूएमूचा फाइल उघडणारा कोड त्याला ओळखतो आणि संचातल्या योग्य डिस्क्रिप्टरची प्रत काढतो. योग्य म्हणजे काय, तर वाचन, लेखन की दोन्ही हा मोड तंतोतंत जुळणारा. सेव्ह करताना क्यूएमू फक्त लेखनासाठी फाइल मागतो. तुम्ही ‘दोन्ही करता येईल, मग तर चालेलच’ म्हणून वाचन-लेखन मोडमध्ये उघडलेली फाइल संचात टाकलीत तर ती जुळत नाही, आणि उत्तर म्हणून मिळतो ‘परमिशन डिनाइड’. या एररचा फाइलच्या मालकाशी काही संबंध नाही, त्यामुळे ‘चमॉड’ करत बसण्यात अर्थ नाही. सेव्हसाठी फक्त लेखन, लोडसाठी फक्त वाचन, दोन वेगळ्या वेळी उघडलेल्या फाइली.

जुन्या आवृत्त्यांमध्ये संचाचं आयुष्यही मॉनिटरच्या जोडणीशी बांधलेलं असतं. संचातली फाइल अजून कोणी उघडलेली नाही आणि शेवटचा मॉनिटर क्लायंटही निघून गेला, तर तिथे संच साफ होऊ शकतो. प्रत्येक आज्ञेसाठी नवी जोडणी करणारी स्क्रिप्ट असेल तर ‘अ‍ॅड-एफडी’ आणि ‘माइग्रेट’ यांच्या मधल्या फटीत तिथे संच हरवतो. दोन्ही आज्ञा एकाच जोडणीवर द्या.

कोणती वाट धरावी? साध्या फाइलसाठी आता ‘एफडी:’ नव्याने वापरू नका. ‘फाइल:’ हा प्रकार ८.२ आवृत्तीत, डिसेंबर २०२३ मध्ये आला. ९.१ पासून साध्या फाइलींसाठी ‘एफडी:’ वापरणं मोडीत काढण्याच्या यादीत आहे, सॉकेट आणि पाइपसाठी ते राहणार आहे. ‘फाइल:/डेव्ह/एफडीसेट/१,ऑफसेट=४०९६’ असं लिहिलं की हेडरची जागा उघड दिसते आणि पोझिशनवर भिस्त राहत नाही. हेडर बफरमध्ये अडकण्याची चूक मात्र इथेही तितकीच नडते, ‘फ्लश’ आधीच करा. सध्याच्या कोडमध्ये क्यूएमू लिहायच्या आधी फाइल त्या ऑफसेटला छाटतो, त्यामुळे त्यापुढे आधीच काही लिहून ठेवलं असेल तर ते जाईल.

‘फाइल:’च्या वाटेचा खरा फायदा ९.० मध्ये आलेल्या ‘मॅप्ड-रॅम’मुळे. जुन्या पद्धतीत रॅमची पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) प्रवाहासारखी एकामागून एक लिहिली जातात. मशीन चालू ठेवून सेव्ह केलं तर बदललेली पानं पुन्हा पुन्हा लिहिली जाऊन फाइल रॅमपेक्षाही मोठी होऊ शकते. ‘मॅप्ड-रॅम’मध्ये प्रत्येक पानाला फाइलमध्ये ठरलेली जागा असते, पान कितीदाही बदललं तरी त्याच जागी लिहिलं जातं. पानांचा भाग १ एमआयबीच्या सीमेवर सुरू होतो, त्यामुळे मध्ये पोकळी दिसली तर घाबरू नका, फाइल विरळ असते. तिची नक्कल करताना पोकळ्या राखणारं साधन वापरा, नाहीतर प्रत विनाकारण फुगते. या पद्धतीला सीक करता येणारी फाइल लागते. पाइप किंवा सॉकेट दिलात तर क्यूएमू सरळ नाकारतो. लोड करतानाही ही केपेबिलिटी (‘मॅप्ड-रॅम’ची सोय) चालू हवी.

त्यावर ‘मल्टीएफडी’ लावून अनेक थ्रेडनी लिहायचं असेल तर संचात दोन डिस्क्रिप्टर लागतात, आणि ते एकमेकांच्या ‘डुप’ प्रती असता कामा नयेत. थेट डिस्कवर लिहिण्यासाठी ‘डायरेक्ट-आयओ’ हवं असेल तर त्या दोघांपैकी नेमक्या एकावरच ‘ओ-डायरेक्ट’ असला पाहिजे. ‘डुप’ का चालत नाही हे आता कळेल: ‘ओ-डायरेक्ट’ उघड्या फाइलवर असतो, प्रतीवर लावायला गेलात की मूळच्यावरही लागतो. थ्रेड सीमेवर बसणारी मोठी पानं लिहितात, त्यांना थेट लेखन मानवतं. मुख्य वाहिनी मात्र वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे लिहिते आणि ‘ओ-डायरेक्ट’वर त्यांना ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ मिळतं. म्हणून फाइल खरोखर दोनदा ‘ओपन’ करा, एकदा फ्लॅगसह, एकदा फ्लॅगशिवाय, आणि दोन्ही एकाच संच-क्रमांकावर ‘अ‍ॅड-एफडी’ करा.

सेव्हचा क्रम असा ठेवा. डिस्कवर रॅमच्या आकाराहून थोडी जास्त जागा मोकळी आहे याची खात्री करा. फाइल उघडा, हेडर ‘अपूर्ण’ अशा खुणेसह लिहा. मशीन ‘स्टॉप’ करा. ‘मॅक्स-बँडविड्थ’ वाढवा, हे फार जण विसरतात: मूळ मर्यादा सेकंदाला १२८ एमआयबी आहे, म्हणजे भरलेली ६४ जीआयबी रॅम लिहायला ५१२ सेकंद, मग खाली कितीही वेगवान एनव्हीएमई असो. मग ‘माइग्रेट’. ती आज्ञा लगेच परत येते, काम मागे चालू असतं. ‘क्वेरी-माइग्रेट’मध्ये ‘कम्प्लिटेड’ दिसेपर्यंत फाइलला हात लावू नका. विशेषतः ‘एफडी:’ वापरत असाल तर या काळात तुमच्या बाजूने ‘एलसीक’ केलंत की क्यूएमूची लिहिण्याची जागाच हलेल. प्रगती पाहायची तर ‘एफस्टॅट’ने आकार बघा किंवा क्यूएमूलाच विचारा.

पूर्ण झाल्यावर ‘एफसिंक’ (डेटा खरोखर डिस्कवर उतरवणं) तुम्ही करा. डिस्क्रिप्टरची स्वतःची प्रत जपून ठेवण्याचं हे एक मोठं कारण. डेटा डिस्कवर गेल्यावरच ‘पीराइट’ने खूण ‘पूर्ण’ करा आणि पुन्हा ‘एफसिंक’. फाइल नवी असेल तर डिरेक्टरीवरही एकदा. लिबव्हर्ट (आभासी मशीन सांभाळणारी लायब्ररी) हेच करतो: त्याच्या हेडरच्या पहिल्या १६ बाइटमध्ये आधी ‘पार्ट’ने संपणारी खूण असते, सेव्ह तडीस गेली की तिथे ‘सेव्ह’ने संपणारी येते. अर्धवट फाइल चुकून लोड होणं त्यामुळे टळतं. डिस्क भरली तर ‘माइग्रेट’ची अवस्था ‘फेल्ड’ होते; मशीन थांबलेलंच असतं, ‘कॉन्ट’ दिलं की पुढे चालतं, काही गमावलेलं नसतं.

आकसवून ठेवायचं असेल तर पाइप. क्यूएमूला लिहिण्याचं टोक ‘एफडी:’ने द्यायचं, वाचण्याचं टोक झेडएसटीडीसारख्या आकसवणाऱ्या प्रोसेसला. इथे मॅनेजरने पाठवल्यानंतर आपलं लिहिण्याचं टोक बंद केलंच पाहिजे. ते उघडं राहिलं तर क्यूएमूने काम संपवून आपलं टोक बंद केलं तरी वाचणाऱ्याला फाइलचा शेवट कधीच कळत नाही आणि तो अनंतकाळ थांबून राहतो. पाठवून झालं की लगेच बंद करायला हरकत नाही, वाटेतला डिस्क्रिप्टर कर्नल सांभाळतो. वाचण्याचं टोक क्यूएमू सुरू करताना चुकून त्यालाही वारसाने गेलं असेल तर उलटी गंमत: झेडएसटीडी मेला तरी क्यूएमूला ‘ब्रोकन पाइप’ कळत नाही, ६४ केआयबीचा पाइप भरतो आणि सेव्ह तिथेच गोठते. पाइप ‘क्लोज-ऑन-एक्झेक’सह तयार करा, म्हणजे टोकं चुकून वारसाने जायची कटकट टळते; मॅनेजरचं स्वतःचं टोक मात्र हातानेच बंद करावं लागतं.

लोडसाठी क्यूएमू ‘इनकमिंग डिफर’ने सुरू करा, म्हणजे केपेबिलिटी लावायला आणि डिस्क्रिप्टर पाठवायला वेळ मिळतो, मग ‘माइग्रेट-इनकमिंग’. सुरू करतानाच वारसाने द्यायचा असेल तर ‘अ‍ॅड-एफडी’ हा कमांड लाइनचा पर्याय आहे, पण त्या डिस्क्रिप्टरवर ‘क्लोज-ऑन-एक्झेक’ नको. पायथन तो फ्लॅग आपोआप लावतो, ‘सबप्रोसेस’ला ‘पास-एफडीज’ द्यायला विसरू नका. स्टेटच्या मागे तुमचा काही तळटिपेचा भाग असेल तर लोड झाल्यावर पोझिशन तिथे असेल असं धरू नका. क्यूएमू ३२ केआयबीचे घास घेऊन वाचतो, त्यामुळे तो गरजेपेक्षा पुढे गेलेला असतो. लांबी हेडरमध्ये नोंदवून ठेवा आणि ‘पीरीड’ने वाचा.

मशीन टाइप आवृत्तीसह तोच हवा, उपकरणं त्याच क्रमाने हवीत, आणि ‘सीपीयू होस्ट’ वापरून एका प्रोसेसरवर केलेली सेव्ह वेगळ्या प्रोसेसरवर उघडायची आशा धरू नका. सेव्ह फाइलमध्ये डिस्कची सामग्री नसते, म्हणून सेव्ह आणि लोडच्या मधे त्या डिस्कला कोणी हात लावला तर आतली फाइलसिस्टिम मोडते. आणि लोड झाल्यावर मशीन हलत नाही म्हणून घाबरू नका: ‘स्टॉप’ करून सेव्ह केलेलं मशीन थांबलेल्याच अवस्थेत उघडतं, त्याला ‘कॉन्ट’ द्यावं लागतं.